अर्ध्या गुंठ्याचे घर नियमात कसे बसवावे: नगरपरिषदांच्या बांधकाम नियमांतील फेरबदलासाठी मार्गदर्शक

तालुक्याच्या गावात गवंडीकाम करणारा, रिक्षा चालवणारा किंवा दुकानात हिशेब लिहिणारा माणूस घरासाठी जागा शोधू लागतो, तेव्हा तो एक गुंठा मागत नाही. अर्धा गुंठा मागतो. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट आणि अर्धा म्हणजे साधारण ५४५. एवढ्या जागेत दोन खोल्या, मोरी, संडास आणि पुढेमागे वर एक मजला निघतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. मंजूर रेखांकनात, म्हणजे जमिनीचे भूखंड आणि रस्ते पाडून मंजूर झालेल्या नकाशात, एवढा लहान भूखंड सहसा सापडत नाही, म्हणून तो रेखांकनाबाहेरच्या शेतात, बारा फुटी वाटेवर, मुद्रांकाच्या कागदावर नोटरी करून घेतला जातो. नियमाने अर्ध्या गुंठ्याची विक्री थांबत नाही. थांबतात ते फक्त रस्ता, गटार आणि नळ. अशा वस्त्या नियमित करण्यासाठी २००१ साली गुंठेवारी अधिनियम आला, तेव्हा १ जानेवारी २००१ ही अंतिम तारीख होती. २०२१ च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेण्यात आली. एकाच प्रकारची चूक वीस वर्षांच्या अंतराने दोनदा नियमित करावी लागते, तेव्हा दोष निव्वळ खरेदीदारांचा आहे असे मानणे मला पटत नाही.

हा लेख नगरसेवक, मुख्याधिकारी, रचना सहायक, परवानाधारक अभियंते आणि या विषयात लक्ष घालणारे नागरिक यांच्यासाठी आहे. परवडणाऱ्या घरांचे जे प्रकार आज नियमांत अडतात, ते बसावेत म्हणून नगरपरिषदेने कोणत्या क्रमाने काम करावे, एवढाच त्याचा विषय आहे.

पहिली पायरी: कोणते घर हवे आहे ते आधी पाहा

‘परवडणारी घरे’ म्हटले की डोळ्यांसमोर चार मजली इमारतींच्या रांगा येतात आणि चर्चा तिथेच भरकटते. केंद्र सरकारच्या तांत्रिक गटाने २०१२ साली देशातील नागरी घरांची तूट सुमारे १ कोटी ८८ लाख एवढी काढली होती. त्यांपैकी जवळजवळ दीड कोटी ही तूट बेघरपणाची नव्हती, तर असलेल्या घरातील दाटीची होती. बेघर कुटुंबे त्या मानाने थोडी, सुमारे पाच लाख होती. याचा अर्थ असा, की मोठी गरज आहे ती आणखी एका खोलीची, धाकट्या मुलाच्या वेगळ्या चुलीची, वरच्या मजल्याची आणि भाड्याच्या खोलीची. लहान शहरात ही गरज अधिक स्पष्ट दिसते, कारण तिथे जमीन किंवा जुने घर पुष्कळांकडे असते, पण त्यावर कायदेशीर बांधकाम करता येत नाही.

म्हणून कामाची सुरुवात मागील दोन-तीन वर्षांत परत गेलेल्या बांधकाम परवानगीच्या प्रकरणांपासून करावी. तीस-चाळीस फायली काढून प्रत्येकीवरचा त्रुटीचा शेरा एका वहीत उतरवला, तर चित्र आठवड्याभरात स्पष्ट होते. सोबत एक फेरी जुन्या गावठाणात आणि एक फेरी वेशीबाहेरच्या नव्या वस्तीत पायी करावी, आणि लोक प्रत्यक्षात काय बांधत आहेत याची नोंद घ्यावी. बहुतेक ठिकाणी चार प्रकार हाती लागतात: सामाईक भिंतीची ओळघरे, घरमालक खाली आणि दोन-तीन भाड्याच्या खोल्या वर अशी घरे, वाटणीत अरुंद पट्टा वाट्याला आलेली गावठाणातील घरे, आणि टप्प्याटप्प्याने वाढवायची एका खोलीची घरे. यांपैकी आपल्या गावी कोणते दोन सर्वाधिक आहेत ते ठरवावे, आणि फेरबदलाचा प्रस्ताव त्या दोहोंपुरताच मर्यादित ठेवावा. सगळेच एकदम मागितले तर प्रस्ताव वर्षानुवर्षे फिरत राहतो.

दुसरी पायरी: घर नेमके कुठल्या कलमात अडते ते मापून काढा

अमेरिकेतील लहान शहरांत वादाचा मुख्य मुद्दा एका भूखंडावर एकाच कुटुंबाचे घर असावे या नियमाचा असतो. ओरेगन राज्याने २०१९ मध्ये कायदा करून दहा हजारांहून अधिक वस्तीच्या शहरांना एका भूखंडावर दोन कुटुंबांच्या घरांची परवानगी देणे भाग पाडले. आपल्याकडे रहिवास विभागात एका भूखंडावर दोन कुटुंबे राहू नयेत असे कोणी म्हणत नाही. आपले घर अडते ते चार मापांत: भूखंडाचे किमान क्षेत्र, सामासिक अंतर (भूखंडाच्या कडेने मोकळी सोडायची जागा), पुढच्या रस्त्याची रुंदी आणि वाहनतळ. त्यामुळे तिकडचा युक्तिवाद इकडे जसाच्या तसा चालत नाही.

एक उदाहरण मापून पाहू. १५ फूट रुंद आणि ३६ फूट खोल, म्हणजे ४.५७ मीटर × १०.९७ मीटरचा भूखंड घ्या. क्षेत्र जेमतेम ५० चौरस मीटर. समजा, स्वतंत्र घराच्या प्रकारात दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर मोकळे सोडायचे आहे. रुंदीतून ३ मीटर गेले की उरतात १.५७ मीटर. सहा फुटी पलंग १.८३ मीटर लांब असतो, म्हणजे तो आडवा टाकता येणार नाही अशी ही खोली होईल. याच भूखंडावर बाजूची अंतरे शून्य धरली, समोर २.२५ आणि मागे १.५ मीटर सोडले, तर ४.५७ × ७.२२ म्हणजे ३३ चौरस मीटरचा तळमजला मिळतो. मूळ चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येते ते प्रमाण, १.१० धरला, तर एकूण ५५ चौरस मीटर बांधता येतात. खाली ३३ आणि वर २२. दोन खोल्या खाली, एक खोली आणि गच्ची वर: जे घर तो माणूस मनात धरून आला होता, ते हेच. भूखंड तोच, निर्देशांक तोच. बदलले फक्त बाजूचे अंतर. असा एक आलेख सर्वसाधारण सभेपुढे ठेवला, तर अर्ध्या तासाच्या भाषणाची गरज उरत नाही.

आता नियमावली उघडावी. २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, बोलीभाषेत ‘यूडीसीपीआर’, बृहन्मुंबई, औद्योगिक विकास महामंडळाचे क्षेत्र, थंड हवेच्या ठिकाणांच्या नगरपरिषदा, लोणावळा, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रे असे काही अपवाद सोडून राज्यभर लागू आहे. तिच्यात ओळघरांसाठी वेगळी आणि बरीच उदार मापे आहेतच, हे अनेक लहान नगरपरिषदांत कोणी वाचलेले नसते. मात्र त्यांचा लाभ मिळायचा, तर रेखांकन मंजूर होतानाच ते भूखंड ओळघरांसाठी म्हणून दाखवलेले असावे लागतात, आणि ओळ म्हणजे किमान तीन भूखंड. दोन भावांनी एका भूखंडाची उभी वाटणी केली, तर ती ओळ ठरत नाही. जोडघराच्या (एक भिंत सामाईक असलेल्या दोन घरांच्या) प्रकारात बसते का, ते तक्त्यातील किमान क्षेत्राशी ताडून पाहावे लागते. पुष्कळ प्रकरणे नेमकी या फटीत अडकलेली असतात.

आणखी एक गोष्ट विसरू नये. मोठ्या प्रकल्पांत २० टक्के लहान घरे किंवा लहान भूखंड ठेवण्याची सक्ती दहा लाख आणि त्याहून अधिक लोकसंख्येच्या महापालिकांना समोर ठेवून लिहिलेली आहे. चाळीस हजार वस्तीच्या ‘क’ वर्ग नगरपरिषदेत विकासकाला लहान भूखंड पाडण्याची सक्तीही नाही आणि गोडीही नाही. शिवाय ४००० चौरस मीटर किंवा अधिक क्षेत्राच्या रेखांकनात १० टक्के खुली जागा सोडावी लागते, म्हणून एकोणचाळीस गुंठ्यांची रेखांकने शेजारी-शेजारी उगवतात. हे सर्व गावाच्या नकाशावर टिपून ठेवावे.

तिसरी पायरी: कोणाच्या हातात काय आहे याची वाटणी

पहिल्या उत्साहात नगरपरिषद ‘सामासिक अंतरे कमी करण्यात यावीत’ असा ठराव करते आणि तो तसाच पडून राहतो, कारण ज्याच्या हातात ते आहे त्याला ठराव उद्देशून नसतो. अडथळ्यांची वाटणी तीन ढिगांत करावी.

पहिला ढीग नगरपरिषदेच्या स्वतःच्या हातातला. रेखांकने मंजूर करताना ओळघरांचे भूखंड दाखवण्यास सुचवणे, परवानगीची प्रक्रिया सोपी करणे, नमुना नकाशे उपलब्ध करून देणे, गटार आणि नळजोडणीचे नियोजन करणे. यासाठी कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. लहान भूखंडांसाठी जोखमीवर आधारित परवानगीची सोय नियमावलीतच आहे: १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला आवश्यक कागद आणि शुल्क भरल्याची पोच पुरेशी ठरते, आणि त्यापुढे ३०० पर्यंत दहा दिवसांत परवानगी अपेक्षित आहे. ही सोय प्रत्यक्षात वापरली जाते का, ते वहीतून कळतेच.

दुसरा ढीग विकास योजनेतील, म्हणजे गावाच्या जमीनवापराच्या आराखड्यातील, प्रस्तावांचा: शेती विभागातील एखादा पट्टा रहिवास विभागात घेणे, रस्त्याची आखणी बदलणे, आरक्षणाचा वापर बदलणे. यासाठी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदलाचा प्रस्ताव नगरपरिषद स्वतः सुरू करू शकते, पण शेवटची मंजुरी शासनाची असते.

तिसरा ढीग राज्यव्यापी नियमावलीतील मापांचा. येथे नगरपरिषदेला दोन वाटा आहेत. आपल्या क्षेत्रापुरता कलम ३७ चा प्रस्ताव तिला पाठवता येतो; किंवा जिल्ह्यातील पाच-सहा नगरपरिषदा एकसारखा ठराव करून, नगर विकास विभागाने कलम ३७ (१कक) खाली स्वतःच सूचना काढून नियमावलीत बदल करावा, अशी विनंती करू शकतात. दुसरी वाट मला अधिक फलदायी वाटते; राज्याला एकेका गावासाठी वेगळा नियम ठेवणे नको असते, आणि त्यात त्यांचेही चूक नाही. ‘सिद्ध होणारी अडचण’ असल्यास मापे शिथिल करण्याचा अधिकार नियमावलीत आहे, परंतु तो एकेका प्रकरणापुरता असतो. त्यालाच धोरण बनवले की शिथिलता ओळखीवर मिळू लागते.

चौथी पायरी: मसुदा लिहिणे

मसुद्यात विशेषणे नकोत, मापे हवीत. ‘गरिबांसाठी लहान घरांना प्रोत्साहन’ या वाक्याने एकही नकाशा मंजूर होत नाही. पुढीलसारखी भाषा चालते:

‘रहिवास विभागातील मंजूर रेखांकनात २५ ते ६० चौरस मीटर क्षेत्राच्या भूखंडांवर, बाजूच्या भिंती सामाईक ठेवून, तळमजला अधिक एक मजला एवढे रहिवासी बांधकाम अनुज्ञेय राहील. असे भूखंड रेखांकनात स्वतंत्र रंगाने दर्शविण्यात येतील, आणि त्यांचे एकत्रीकरण करून अन्य प्रकारचे बांधकाम अनुज्ञेय राहणार नाही. दोन सहहिस्सेदारांच्या नोंदणीकृत वाटणीने झालेल्या भूखंडांनाही ही तरतूद लागू राहील.’

एकत्रीकरणाचे वाक्य गाळू नये. ते नसेल, तर लहान भूखंडांच्या नावाने मिळालेली सवलत वापरून चार भूखंड एकत्र होतात आणि त्यावर मंगल कार्यालय उभे राहते.

काय शिथिल करायचे नाही, हेही मसुद्यातच लिहावे. पूररेषा, उच्चदाब वीजवाहिनीपासूनचे अंतर, जिन्याची रुंदी आणि उजेड-वाऱ्याच्या तरतुदी यांना हात लावू नये. मधल्या ओळघराला दोन्ही बाजूंनी भिंत असते. घराची लांबी ३६ फुटांपर्यंत गेली तर मधली खोली भर दुपारी दिवा मागते. आपल्या जुन्या वाड्यांनी यावर चौकाचा, म्हणजे घराच्या मधल्या उघड्या अंगणाचा, उपाय काढला होता. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात नवी मुंबईत बेलापूर येथे सात-सात घरे आठ मीटर लांबी-रुंदीच्या अंगणाभोवती मांडली. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे होते, आणि प्रत्येक घर शेजाऱ्याची भिंत न वापरता वाढवता यावे अशी रचना केली. लहान भूखंड म्हणजे कोंदट वस्ती हे समीकरण किती कच्चे आहे, ते दाखवायला हे उदाहरण उपयोगी पडते.

सांडपाण्याचा विषय मसुद्यातून हमखास सुटतो. भुयारी गटार नसलेल्या गावात, त्यातही काळ्या मातीत, अर्ध्या गुंठ्यावर स्वतंत्र शोषखड्डा काम करत नाही. माती पाणी ओढत नाही आणि पावसाळ्यात ते अंगणात उलटते. रेखांकनाच्या उताराच्या कोपऱ्यात सामाईक मैला टाकी आणि तिच्यासाठी राखलेली जागा ही अट घालावी.

पाचवी पायरी: नगरपरिषदेच्या तिजोरीचा हिशेब

लेखापालाला विश्वासात घेतल्याशिवाय सभेपुढे जाऊ नये. हिशेब अवघड नाही. ३० फूट रुंदीचे भूखंड असतील, तर १०० मीटर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून २० घरे बसतात. १५ फूट रुंदीचे असतील, तर ४२. रस्ता तेवढाच, जलवाहिनी तेवढीच, गटार तेवढेच, खांब तेवढेच. घरपट्टी भरणारे दुप्पट. उलट बाजूही मांडावी: पाण्याची मागणी दुप्पट होते, आणि उंच टाकीची क्षमता पुरेशी नसेल तर ती वस्ती दिवसाआड पाण्यावर जाते. टाकीपासून उताराच्या दिशेला असलेला पट्टा निवडला, तर दाबाचा प्रश्न निम्मा सुटतो. प्रस्तावित क्षेत्र निवडताना नकाशाइतकेच महत्त्व पाणीपुरवठा विभागातील फिटरच्या सांगण्याला द्यावे, असा माझा अनुभव आहे.

घरकुलाच्या अनुदानाचाही मेळ इथेच घालावा. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ‘वैयक्तिक घरकुल बांधणी’ घटकात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा हिस्सा मिळून अडीच लाख रुपये मिळतात, पण लाभार्थ्याकडे स्वतःच्या नावाची जागा आणि मंजूर नकाशा लागतो. गुंठेवारीतल्या कुटुंबाकडे पहिले अर्धवट असते आणि दुसरे नसतेच. नियम बदलल्याने यादीतील किती अर्ज पात्र ठरतील, हा एकच आकडा ठरावाला जोडावा.

सहावी पायरी: कलम ३७ ची वाटचाल

क्रम असा आहे. सर्वसाधारण सभेचा ठराव. मग राजपत्रात आणि वृत्तपत्रात सूचना. सूचनेपासून एक महिन्याच्या आत हरकती व सूचना. फेरबदलाने बाधित होणाऱ्यांना स्वतंत्र नोटीस आणि त्यांची सुनावणी. त्यानंतर, राजपत्रातील प्रसिद्धीपासून एक वर्षाच्या आत, प्रस्ताव शासनास सादर. शासन नगररचना संचालकांचा सल्ला घेऊन तो जसाच्या तसा, बदलासह मंजूर करते किंवा नाकारते. विकास योजनेचे मूळ स्वरूप बदलेल असा फेरबदल या कलमात बसत नाही, म्हणून ठरावातच ‘स्वरूप बदलत नाही’ याचे कारण क्षेत्रफळाच्या आकड्यांसह लिहावे.

ठराव करण्यापूर्वी मसुदा जिल्ह्यातील नगररचना शाखेच्या सहायक संचालकांना अनौपचारिकपणे दाखवावा. त्यांचा शेरा आधी मिळाला, तर नंतरचे सहा महिने वाचतात. आचारसंहितेची तारीखही आधी पाहावी. मी पाहिलेल्या एका गावात सूचना निघाली, पण ती बाधितांना बजावलीच नाही; कार्यालयाच्या फलकावर निविदांच्या खाली चिकटवली गेली, आणि वर्षभरानंतर तेवढ्याच कारणाने सगळी प्रक्रिया पहिल्यापासून करावी लागली. पोच घेतलेल्या नोटिशींची स्वतंत्र फाईल ठेवावी, हे सांगण्याइतके साधे आहे आणि विसरण्याइतकेही.

हरकतींची तयारी

तीन हरकती ठरलेल्या आहेत. ‘झोपडपट्टी होईल’ या हरकतीला भाषणाने उत्तर देऊ नये. अर्ध्या गुंठ्याची रेखांकनाबाहेरची वस्ती आणि ओळघरांची मंजूर वस्ती, दोन्हींची छायाचित्रे शेजारी ठेवावीत. ‘गाड्या कुठे लावणार’ याला वहीतील मोजणी उपयोगी पडते: अशा घरांपुढे रात्री नऊ वाजता किती चारचाकी आणि किती दुचाकी उभ्या असतात, ते दोन रात्री मोजून आणावे. ‘पाणी आम्हालाच पुरत नाही’ ही तिसरी हरकत मात्र खरी असू शकते, आणि ती खरी असेल तर टाकीचे काम पूर्ण होईपर्यंत परवानग्या टप्प्याने देण्याची अट स्वीकारावी. चौथी हरकत सभागृहात कोणी उघडपणे मांडत नाही: मोठे भूखंड धरून बसलेल्यांना लहान भूखंडांची स्पर्धा नको असते. ती ओळखून ठेवावी, तिच्याशी सभेत वाद घालू नये.

मंजुरीनंतर

अधिसूचना निघाली की लगेच तीन-चार नमुना नकाशे तयार करून घ्यावेत: १५ फुटी मधले घर, कोपऱ्याचे घर, वर भाड्याची खोली आणि तिला बाहेरून जिना असलेले घर, आणि एका खोलीपासून सुरू होणारे घर. रचना सहायकाने तपासलेला नकाशा नगरपरिषदेच्या खिडकीवर नाममात्र दरात मिळाला, तर अभियंत्याच्या शुल्काचा मोठा भाग वाचतो, आणि बँकेलाही मंजूर नकाशाची प्रत हवी असते. अंतिम विकास योजनेत रहिवास विभागात असलेल्या जमिनीला पूर्वीसारखी वेगळी अकृषिक (शेतीखेरीज वापराची) परवानगी लागत नाही, शासनाने ठरवलेला भरणा करावा लागतो.  याबाबतच्या चालू तरतुदींची माहिती देणारा मराठी कागद खिडकीवर लावावा आणि तहसील कार्यालयातही एक प्रत द्यावी, कारण माणूस आधी तिकडे जातो.

जुनी वही चालू ठेवावी. वर्षभराने तिच्यात पाहावे: ६० चौरस मीटरच्या आतील किती परवानग्या दिल्या, किती भोगवटा प्रमाणपत्रापर्यंत पोचल्या, आणि वेशीबाहेर चुन्याच्या रेघा मारलेले नवे गुंठे किती पडले. तिसरा आकडा खाली आला नसेल, तर अडथळा मापांत नसून भूखंडाच्या किमतीत किंवा रेखांकन मंजुरीच्या वेळेत आहे, आणि पुढचा प्रस्ताव त्याचा करावा लागेल.